येर्को स्कारिच विमान उतरवतो

येर्को स्कारिचचं विमान सतराव्यांदा त्याच जागी आपटलं तेव्हा त्याची बायको तोन्का स्वयंपाकघरात माशाच्या रश्श्यात मीठ टाकत होती. तिने मान वर न करताच विचारलं, "बुडालास?"

"आपटलो," येर्को म्हणाला. "बुडणं वेगळं आणि आपटणं वेगळं."

"बरं. आता जेवणाआधी आपटणार आहेस की नंतर, तेवढं सांग. मला टेबल पुसायचंय."

टेबल पुसण्यासारखं राहिलं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. आठ माणसांच्या त्या जेवणाच्या टेबलावर जानेवारीपासून एक संगणक, एक हातभर लांबीचा पडदा आणि विमान वळवायचा काळा दांडा ठाण मांडून बसले होते. टेबलाखाली पायाने दाबायची दोन पेडलं होती. पाहुणा जेवायला बसला आणि त्याने सवयीने पाय लांब केला की पडद्यावरचं विमान गपकन डावीकडे वळायचं. त्यामुळे पाहुणे येईनासे झाले होते. तोन्काच्या मते या यंत्राचा तेवढा एकच उपयोग होता.

यंत्र पाठवलं होतं मुलीने, रोमानाने, थेट कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून. सहा वर्षांपूर्वी ती तिकडे गेली. तिकडेच लग्न झालं, तिकडेच नेला झाली, आणि नेला आता चार वर्षांची होती. दर वसंतात रोमाना आईबापांना बोलवायची आणि दर वसंतात येर्कोकडे कारण तयार असायचं. एका वर्षी गुडघा, दुसऱ्या वर्षी अंजिरांची छाटणी, तिसऱ्या वर्षी "आजकालच्या वैमानिकांवर माझा भरवसा नाही." खरं कारण एकच होतं. येर्कोला विमानाची भीती वाटायची. साधी नव्हे, विमानतळाच्या पाटीवरूनसुद्धा नजर फिरवावी अशी. ही गोष्ट त्याने एकोणसत्तर वर्षांत जिवंत माणसाला सांगितली नव्हती. नगरपालिकेच्या नकाशा विभागाचा निवृत्त प्रमुख विमानाला भितो, हे गावात कळलं तर तोंड कुठे लपवायचं?

म्हणून गेल्या नाताळात, दोन पेले वाईन पोटात असताना, तो फोनवर जरा जास्तच बोलून गेला. "ज्या दिवशी मी स्वतः एक विमान आपल्या खाडीत, आपल्या घरासमोर उतरवून दाखवीन ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिकिटं काढ!" आमच्या बेटावरच्या कोमोरित्साच्या खाडीत मासेमारीच्या होड्या आणि बदकं यांखेरीज काही उतरत नाही. तेव्हा हे वचन अगदी सुरक्षित आहे, असं त्याला वाटलं. तीन आठवड्यांनी पार्सल आलं. चाकांऐवजी दोन लांबट होड्या लावलेलं, पाण्यावर उतरणारं छोटंसं विमान, आणि त्याखाली साक्षात दाल्माशियाचा किनारा, बेटंबिटं सगळी जिथल्या तिथे. सोबत रोमानाची चिठ्ठी: "बाबा, खाडी आहे, घर आहे. उतरव."

तोन्का एकटी जाऊ शकली असती. रोमानाने तसं सुचवलंही होतं. "आणि हा महिनाभर डबाबंद सार्डिन खाऊन राहील आणि त्याचा दोष मला देईल," असं म्हणून तोन्काने विषय मिटवला. पण पार्सल आलं त्या दिवशी तिने आपला चांगला कोट कपाटातून काढला, झटकला, आणि दारामागच्या खुंटीला लावला. येर्को मात्र रोज त्या कोटासमोरून जात होता आणि त्याला ते जड जात होतं.

गंमत अशी झाली की येर्कोला विमान आवडलं. टेबलाशी बसून, पायात सपाता घालून, दोन हजार फुटांवर त्याला मुळीच भीती वाटत नव्हती. तो स्प्लिटच्या बंदरातून उडायचा, सामुद्रधुनी ओलांडायचा, आणि कार्यालयात वापरायचा तोच आवाज काढून नियंत्रण कक्षाशी बोलायचा. नियंत्रण कक्ष कधी उत्तर देत नसे, पण नगरपालिकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. कोणी याला खेळ म्हटलं की मात्र त्याचं डोकं फिरायचं. "खेळ म्हणजे पत्ते. हे प्रशिक्षण आहे."

प्रशिक्षणाची बातमी बंदरावरच्या बाकापर्यंत पोचायला एक दिवससुद्धा लागला नाही. कोमोरित्सात एक दगडी बाक आहे. त्यावर निवृत्त माणसं सकाळी बसतात आणि हवेबद्दल बोलतात. इतर विषयांना बंदी नाही, पण ते टिकत नाहीत. बाकाचा मुख्य म्हणजे बार्बा, म्हणजे काका, निकशा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा जुना कप्तान अडतीस वर्षं मालवाहू जहाजांवर जगभर फिरून आला होता आणि जमिनीवर राहणाऱ्या सगळ्यांविषयी त्याच्या मनात अपार दया होती.

"हवा कुठली लावतोस?" त्याने विचारलं.

"स्वच्छ, बार्बा. निळं आकाश. एक बटण असतं."

"निळं आकाश!" बार्बाने बाकाकडे पाहिलं. बाक हळहळला. "अरे येर्को, निळ्या आकाशात माझी सासूसुद्धा विमान उतरवेल, आणि तिला जाऊन वीस वर्षं झाली. बूरा सुटलेला असताना उतरवून दाखव, मग बोल."

बूरा म्हणजे डोंगरावरून एकदम कोसळणारा थंड, कोरडा वारा. त्याच्या उलट जुगो, समुद्राकडून येणारा दमट, चिकट आणि माणसाचं डोकं जड करणारा. आमच्याकडे माणसाचा स्वभाव विचारायच्या आधी वारा कुठला आहे ते बघतात. तर त्या सकाळी बाकाने एकमताने ठरवलं की हवा खरी पाहिजे. यंत्रात तशीही सोय होती. ज्या क्षणी बाहेर जी हवा, तीच इंटरनेटवरून पडद्यावर यायची. येर्को हो म्हणाला, कारण बाकासमोर नाही म्हणता येत नाही.

त्या दिवसापासून तो खाडीत उतरायला बघू लागला आणि आपटायला लागला.

पण त्यात वाऱ्याचा दोष निम्माच होता. विमान खाडीत शिरायचं, पाण्याला टेकायचं, फेस उडवत घराकडे सरकायचं, आणि घरापासून दगड फेकण्याच्या अंतरावर एका लांबलचक दगडी धक्क्यावर जाऊन फुटायचं. पडद्यावर धक्का होता, चांगला साठ मीटर लांब. खिडकीबाहेर बघावं तर नुसतं पाणी आणि त्यात शेजारच्या श्योरा पेरिनाची, म्हणजे पेरिनाबाईंची, बदकं. सतराव्या आपटीनंतर येर्कोने खेळ बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. (पत्रात त्यानेही 'खेळ' लिहिलं. रागाच्या भरात माणूस खरं लिहून जातो.) आठवड्याने नम्र उत्तर आलं. कंपनी स्वतःच्या मनाने धक्के बांधत नाही, तिने आपल्या नगरपालिकेचा अधिकृत नकाशा वापरला आहे, दुरुस्ती तिथेच करून घ्यावी.

येर्को ताडताड नगरपालिकेत गेला. त्याच्याच खुर्चीत आता मिर्ना नावाची तरुण बाई बसली होती. तिने कॉफी मागवली, नकाशा उघडला आणि जुन्या साहेबाला अदबीने 'श्योर' म्हणत म्हणाली, "धक्का आहे, श्योर येर्को."

"कुठे आहे? मी जन्मापासून तिथे राहतोय!"

"नकाशात आहे. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीची नोंद, शिक्का आहे, सही आहे." तिने पडदा त्याच्याकडे वळवला. सही वळणदार होती, शेवटी ऐटबाज फराटा होता. सही येर्को स्कारिचची होती.

तेव्हा त्याला आठवलं. अठ्ठ्याऐंशी साली मासेमारी संघाचा धक्का मंजूर झाला होता. उद्घाटनाला मंत्री येणार होते, आणि मंत्री नकाशा मागतील म्हणून साहेबांनी सांगितलं, आधीच काढून ठेव, बांधकाम काय, होतंच आहे. येर्कोने काढला, तोही चिनी शाईने. मंत्री आले नाहीत, धक्का झाला नाही. पुढे राज्य बदललं, झेंडा बदलला, चलन दोनदा बदललं, पण शाई चांगल्या प्रतीची होती.

"मग खोडा," येर्को खालच्या आवाजात म्हणाला.

"असं कसं खोडणार? नोंदलेलं बांधकाम काढायचं तर पाडकामाचा परवाना लागतो. अर्ज, आणि पाडण्याआधीचा फोटो."

येर्कोने फोटो काढून आणला. मिर्नाने तो नीट निरखला. "यात धक्का दिसत नाही."

"नाहीच आहे तर दिसेल कसा?"

"मग हा धक्क्याचा फोटो नव्हे ना." ती मनाने चांगली होती, तिला खरंच वाईट वाटत होतं. "हा नियम तुमच्याच काळातला आहे, श्योर येर्को. तुम्हीच मला शिकवलात. रडून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, कागदावर ठेवायचा."

शेवटी तिघांची तपासणी समिती येईल असं ठरलं. समिती आली, होडीत बसली, धक्का असायला हवा होता त्या जागेवरून तीनदा गेली, आणि धक्का लागत नाही यावर तिघांचं एकमत झालं. सही करायला म्हणून सगळे येर्कोच्या अंगणात बसले. एवढ्यात समितीच्या अध्यक्षाने नाक वर करून वास घेतला. "जुगो सुटला." झालं. जुगोत सही करायची नाही, लग्न ठरवायचं नाही आणि भावाशी जमिनीचं बोलायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. समितीने तोन्काच्या हातची तळलेली मासळी खाल्ली, वाईन प्यायली, धक्का आहे तसा ठेवला आणि बोटीने परत गेली.

"आता?" तोन्काने विचारलं.

"आता धक्क्याच्या अलीकडे थांबायचं," येर्को म्हणाला. अलीकडे म्हणजे खाडीच्या तोंडापासून जेमतेम दोनशे मीटर. त्यात वारा समोरून घेतला तरच विमान वेळेत थांबणार. वारा कुठून, एवढं कळलं की झालं.

नेमकं तेवढंच कळेना, कारण सल्ले देणारे वाढले होते. सगळ्यांसमोर विमान उतरवायची तारीख ठरली होती मार्चमधल्या एका रविवारची, प्रार्थनेनंतर, जेवणाआधी. तालमीला बाकावरची मंडळी येऊन बसू लागली. बार्बा निकशा खिडकीशी उभा राहून बाहेरच्या समुद्राकडे बघायचा आणि ओरडायचा, "ईशान्येचा झोत येतोय! नाक वळव!" येर्को नाक वळवायचा, आणि विमान आडवं होऊन पाण्यात शिरायचं. पडद्यावरची हवा यायची पलीकडच्या विमानतळावरून, तीही अर्ध्या तासापूर्वीची. खिडकीबाहेरची हवा यायची आमच्या डोंगरावरून, ताजी. दोघींचा एकमेकींशी संबंध नव्हता. येर्को हे समजावून थकला. पण ज्या माणसाने अडतीस वर्षं डोळ्यांनी वारा वाचला, त्याला खिडकी खोटी आणि पडदा खरा, हे कोण पटवणार? आणि खरं सांगायचं तर येर्कोलाही पटत नव्हतं. या किनाऱ्यावर जन्मलेला माणूस खिडकीबाहेर बघितल्याशिवाय मोजेसुद्धा घालत नाही. हात पडद्यावर आणि डोळे बाहेर, असं करत तो आणखी अकरा वेळा बुडाला.

शेजारच्या श्योरा पेरिनाने तर शनिवारी हद्द केली. तिने देवळातून पवित्र पाणी आणलं आणि "संत निकोलाच्या कृपेने" म्हणत यंत्रावर सढळ हाताने शिंपडलं. कीबोर्डची तीन बटणं कायमची बसली.

"श्योरा पेरिना, हे विजेवर चालतं!"

"संतसुद्धा चालतात की विजेवर. आता देवळात मेणबत्त्या कुठे, सगळे दिवेच आहेत."

रविवारी अकरा वाजता येर्कोच्या जेवणाच्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. बाक आला होता, मिर्ना आली होती, श्योरा पेरिना पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसली होती. येर्कोने पांढरा शर्ट आणि टाय घातला होता. तोन्काने साखरेच्या भांड्याला टेकवून फोन उभा केला होता. त्यात रोमाना दिसत होती, केस विस्कटलेली, कारण तिकडे जेमतेम सकाळ झाली होती.

विमान स्प्लिटहून उडालं. सामुद्रधुनीवर ढग खाली आले, पाऊस लागला, विमान वर गेलं, खाली आलं. हॅमच्या कापांची ताटली हातोहात फिरत होती. मग बेट दिसलं आणि बार्बा निकशाला राहवलं नाही. तो खिडकीकडे गेला.

"बूरा आहे, येर्को! पेरिनाच्या चादरी बघ कशा उडतायत! नाक डोंगराकडे!"

"कुठे डोंगराकडे? लाटा बघा, जुगो भरतोय!" बाकावरचा दुसरा ओरडला.

"माझ्या वरच्या दोरीवरच्या चादरी उडतायत का खालच्या?" श्योरा पेरिनाने विचारलं आणि तीही उठली. बघता बघता सगळी खोली खिडकीशी गोळा झाली आणि खऱ्या समुद्राकडे बोटं दाखवत येर्कोला वारा सांगू लागली.

खाडीचं तोंड जवळ येत होतं. आणि त्याच वेळी त्याच्या मनात एक विचार आला, शांत आणि गोड. आपटलं तर? आपटलं की जायला नको. कोणी दोष देणार नाही. दोष बूराचा, पवित्र पाण्याचा, बसलेल्या बटणांचा, अठ्ठ्याऐंशीच्या शाईचा. फक्त बार्बाचं ऐकायचं, बास.

त्याने सहज बाजूला पाहिलं. सगळं गाव खिडकीशी होतं. तोन्का एकटी त्याच्या खुर्चीमागे उभी होती. तिच्या हातात भांडी पुसायचं फडकं होतं, ते तिने पिळून दोरीसारखं केलं होतं. तिचे डोळे पडद्यावरच्या त्या चिमुकल्या विमानावर होते आणि ओठ हलत होते. खेळण्यातल्या विमानासाठी ती देवाची करुणा भाकत होती. सहा वर्षांत तिने एकदाही हट्ट धरला नव्हता. येर्कोला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याचे कान लाल झाले.

"तोन्का," तो म्हणाला, "झडपा लाव."

"काय?"

"खिडकीच्या झडपा लाव! सगळ्या!"

तोन्का गर्दीत घुसली, बार्बा निकशाला कोपराने बाजूला सारलं, आणि हिरव्या लाकडी झडपा धाडकन ओढून घेतल्या. खोलीत अंधार झाला. उजेड उरला फक्त पडद्याचा. भर दिवसा समुद्र बंद केलेला पाहून बार्बा निकशाने डोक्यावरची टोपी काढली.

पडद्यावर पाण्याच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. वारा पश्चिमेकडून होता, ना बूरा ना जुगो, कोणीच न सांगितलेला. येर्कोने नाक पश्चिमेला धरलं. एक झोत आला, उजवा पंख खाली गेला, त्याने पाय दाबला, पंख वर आला. विमान टेकलं, उडालं, पुन्हा टेकलं. धक्का समोरून वाढत आला, दगड न् दगड दिसायला लागला. श्योरा पेरिनाने डोळे मिटले. विमान हळू झालं, आणखी हळू झालं, आणि धक्क्यापासून वीतभर अंतरावर पाण्यात डुलत उभं राहिलं.

मग जो आरडाओरडा झाला तो पलीकडच्या गावात ऐकू गेला. बार्बा निकशाने येर्कोच्या डोक्याचा मुका घेतला. मिर्ना म्हणाली, "बघा, धक्का कामाला आला!" येर्को मात्र तसाच बसला होता. आता सुटका नाही, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

"ऐका," तो म्हणाला. कोणी ऐकेना. तो मोठ्याने म्हणाला, "मला विमानाची भीती वाटते! खऱ्या विमानाची!"

बार्बा निकशाने हॅमचा काप तोंडात टाकला आणि सावकाश चावला. "मग? पुढे बोल."

"पुढे काय? हेच."

"अरे, हे तर सगळ्या गावाला माहीत आहे. तुझ्या गुडघ्याच्या वर्षापासून. चांगला गुडघा होता तुझा, बोचेच्या मैदानावर चेंडूमागे पळायचास."

"आम्ही म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल," श्योरा पेरिना म्हणाली.

येर्कोने बायकोकडे पाहिलं. "तुलाही माहीत होतं?"

"तुझ्या उशीला माहीत होतं, येर्को. आकाशात विमान ऐकू आलं की झोपेत माझा हात धरतोस." तिने फडकं खांद्यावर टाकलं. "तिकडे जातानाही धर. सोळा तास धर. मी काय हात घरी ठेवून येणार आहे?"

येर्कोने फोन उचलला. रोमाना डोळे पुसत होती, आणि तिला बाजूला ढकलून पडद्यात एक लहानसा, झोपेतून उठलेला चेहरा घुसला होता. नेला. तिने आजोबांना, आपल्या नोनोला, जन्मापासून फक्त फोनमध्ये पाहिलं होतं, डोक्यापासून टायपर्यंत.

"नोनो, तू येणार?"

"येणार."

नेलाने थोडा विचार केला. "पायांसकट?"

येर्कोने फोन तोन्काच्या हातात दिला, खुर्ची मागे सारली आणि उभा राहिला. टायच्या खाली त्याची घरातली जुनी, गुडघ्यावर ठिगळ लावलेली पॅन्ट होती. ती सगळ्या गावाने पाहिली, नगरपालिकेनेही पाहिली. त्याने आधी एक पाय उचलून दाखवला, मग दुसरा.

"पायांसकट," तो म्हणाला.